पावडर कुणी शिकवायची?

गेल्या महिन्यात घरातलं एक लग्न पार पडलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला फोन यायला लागले. जेवण कसं होतं, मुलीकडच्यांनी मानपान कसा केला, हे विषय दोन मिनिटांत संपायचे आणि मग आवाज खाली यायचा. "अगं, तिनं तोंडाला किती थापलं होतं! मान वेगळी, चेहरा वेगळा." "थोडी साधी आली असती तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं." एकीने तर, "लग्न कुणाचं आणि नटलं कोण," असंही ऐकवलं. मी सगळ्यांना एकच विचारलं, तिला हे शिकवलं कुणी? त्यावर पलीकडे शांतता. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते आहे.

ती म्हणजे कोण, ते नातलगांना ठाऊक आहे. इतर वाचकांना ठाऊक असण्याची गरज नाही. माझ्या धाकट्या बहिणीची नात, मला मावशीआजी म्हणते. दीड वर्षापूर्वी, सव्विसाव्या वर्षी, तिने घरी सांगितलं की जगाने मला मुलगा म्हणून वाढवलं, पण मी मुलगी आहे आणि हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. त्यानंतर घरात जे रामायण झालं ते इथे लिहीत नाही. मराठीत हल्ली पारलिंगी असा शब्द रुळतो आहे, ती स्वतः ट्रान्स म्हणते. मी तिला नावाने हाक मारते, तेवढं पुरतं.

आता मूळ मुद्दा. आपण बायका नटणं-मुरडणं शिकलो कुठे? मी तर सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाढले, पार्लर हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी नोकरीला लागले होते. तरी शिकलेच की. आई कपाळावर आधी मेण लावायची आणि मग त्यावर करंगळीशेजारच्या बोटाने कुंकू रेखायची, ते मी तिच्या मांडीला टेकून रोज बघत होते. घरी धरलेलं काजळ डोळ्यात किती आणि कसं घालायचं, हे आजीने हात धरून दाखवलं. मोठ्या चुलत बहिणीकडे अफगाण स्नोची निळी बाटली होती, ती आम्ही चोरून उघडायचो आणि भुतासारखी तोंडं करून एकमेकींना हसायचो. सातवीत असताना मी पावडर इतकी लावली होती की काकू म्हणाली, "पिठाच्या गिरणीतून आलीस का गं?" आणि पदराच्या टोकाने तिने ती पुसून, कुठे ठेवायची आणि कुठून काढायची ते दाखवलं. झालं शिक्षण. वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी सुरू झालेलं ते विसाव्या वर्षी संपतं, आणि आपण काही शिकलो हे आपल्याला कळतही नाही. चुका केल्या त्या बारा वर्षांच्या तोंडावर केल्या. बारा वर्षांच्या मुलीला जग हसतं, पण प्रेमाने हसतं.

या पोरीने तीच बारा वर्षांची चूक सत्ताविसाव्या वर्षी दोनशे माणसांसमोर केली, आणि आपण सगळ्या फोनवर बसलो.

तिचं शिक्षण कुठे झालं ते मला तिने नंतर सांगितलं. भाड्याच्या खोलीतल्या न्हाणीघरात, दाराला कडी लावून, ट्यूबलाइटच्या उजेडात. शेजारच्या खोलीतला मित्र यायच्या आत सगळं धुऊन टाकायचं म्हणून घाईघाईने. दुकानात जाऊन "माझ्या रंगाला कुठलं जुळेल?" असं विचारायची सोय नाही, म्हणून "बहिणीसाठी हवंय" असं सांगून आणायचं. बहिणीसाठी म्हटलं की दुकानदार काय देणार? गोरं. एका पार्लरमध्ये हिंमत करून गेली तर 'फक्त महिलांसाठी' या पाटीकडे बोट दाखवून तिला परत पाठवलं. तरी मग कुणी विचारतं, अंधारात शिकलीस का म्हणून. हो, अंधारातच शिकली.

लग्नानंतर ती माझ्याकडे तीन दिवस राहायला आली. मी स्वतः आयुष्यभर कुंकू, पावडर आणि थंडीत व्हॅसलीन यापलीकडे गेलेली नाही. त्यामुळे मी एकटी काय शिकवणार! आमच्या गल्लीत एक बाई गेली वीसेक वर्षं पार्लर चालवतात, नवऱ्या सजवतात. त्यांना मी सरळ घरी चहाला बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, अशी अशी माझी नात आहे. त्या क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, "बाई, चेहरा म्हणजे चेहरा. दाखवा." त्वचेच्या डॉक्टरकडेही आम्ही जाऊन आलो. या तीन दिवसांत मला जे कळलं ते मी वहीत उतरवून ठेवलं (सवय जात नाही), आणि त्यातलं बरंचसं आपल्या सगळ्याच घरांच्या उपयोगाचं आहे.

पार्लरवाल्या बाईंनी पहिल्या दिवशी तिच्या तोंडाला एकही रंग लावला नाही. म्हणाल्या, भिंत ओली असताना रंग देतात का? आधी कातडी. तिच्या पिशवीतून एक छोटी ट्यूब निघाली, ती बघून मात्र त्या गंभीर झाल्या. कुणा मैत्रिणीने दिलेलं 'गोरं होण्याचं' मलम. डॉक्टरांनी ते बघताक्षणी कपाळाला हात लावला. त्यात स्टेरॉइड होतं. अशा मलमाने पहिले काही आठवडे चेहरा तुकतुकीत होतो, माणूस खूश होतो, आणि मग त्वचा पातळ व्हायला लागते, बारीक लाल शिरा दिसतात, पुरळ उठतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याने चेहऱ्यावर केस वाढतात! जिचा सगळा झगडा चेहऱ्यावरच्या केसांशी, तिने केस वाढवणारं मलम गोरं होण्यासाठी लावावं, याला काय म्हणावं? शिवाय ते एकदम बंद केलं तरी चेहरा लालबुंद होऊन पेटतो, डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळूच सोडवावं लागतं. २०१८ साली सरकारने त्वचेवर लावायच्या १४ स्टेरॉइडांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती मिळतात. याहून भयंकर म्हणजे पारा घातलेली, धड लेबल नसलेली क्रीमं. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ साली अशी क्रीमं वापरणाऱ्यांच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. गोरेपणाचा सोस हा काही ट्रान्स मुलींनी आणलेला नाही. तो आपल्याच घरातला आहे, मुलगी बघायला जाताना आपणच तो बरोबर नेतो. फेअर अँड लव्हली या क्रीमच्या नावातला 'फेअर' निघायला २०२० साल उजाडावं लागलं.

कातडीची निगा म्हणजे फार काही नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि मला ते ऐकून बरं वाटलं. सकाळ-संध्याकाळ सौम्य फेसवॉशने तोंड धुणं, ओलसर आहे तोवर मॉइश्चरायझर लावणं, आणि दिवसा सनस्क्रीन. बस. अंगाचा साबण तोंडाला नको, कारण तो क्षारयुक्त असतो आणि आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते. रोज साबण लावून ती कोरडी पडते आणि खाजते. लिंबू चोळून उन्हात जाणं हा आपल्याकडचा लाडका उपाय तर मुळीच करू नये, त्याने चट्टे पडतात. बेसन-साय लावा हवी तर, पण घासू नका.

सनस्क्रीनबद्दल मीच डॉक्टरांशी वाद घातला. म्हटलं, आमची सावळी कातडी, आम्हाला कशाला? त्यांनी समजावलं की सावळ्या कातडीला भाजण्याची भीती कमी, पण डाग पडण्याची जास्त. पुरळ आलं, वस्तऱ्याने कापलं, काही झालं की त्या जागी काळा डाग राहतो आणि उन्हाने तो गडद होतो. ढगाळ दिवशीही होतो, खिडकीच्या काचेतूनही होतो. म्हणून एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेलं, आणि तर्जनी व मधल्या बोटाच्या लांबीवर दोन रेघा होतील इतकं, चेहरा नि मान मिळून. ती एका वाटाण्याएवढं लावत होती. बाहेर हिंडायचं असेल तर दोन तासांनी पुन्हा. त्वचेच्या रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन मिळालं तर आणखी चांगलं, त्यातली लोहाची संयुगं नुसत्या उजेडाने पडणारी काळपट झाकही रोखतात.

आता दाढी. हा शब्द उच्चारायला आमच्या घरात सगळ्यांना संकोच, तिला तर फारच. पण सगळं गाडं तिथेच अडलेलं होतं. वाचणाऱ्यांपैकी अनेकांना वाटत असेल की डॉक्टरांच्या देखरेखीखाली हार्मोन सुरू केले की दाढी जाते. जात नाही. त्वचा मऊ होते, तेलकटपणा कमी होतो (म्हणून आधी वापरत असलेला कडक फेसवॉश नंतर चालत नाही), अंगावरचे केस थोडे विरळ होतात, पण एकदा आलेली दाढी हार्मोनने जात नाही. तिने मग काय केलं होतं? मेणाने उपटली होती. चेहऱ्याचे जाड केस असे उपटले की काही तुटून आतल्या आत वळतात, तिथे फोड येतो, फोडाचा डाग होतो. तो डाग झाकायला जाड रंग. आणि तो जाड रंग लग्नात तुम्हा सगळ्यांना दिसला.

डॉक्टरांनी सांगितलेलं अगदी साधं आहे, आणि ते खरं म्हणजे घरातल्या कुठल्याही पुरुषाला ठाऊक असायला हवं. गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर केस मऊ असतात, तेव्हा दाढी करावी. भरपूर फेस, नवं पातं, केस ज्या दिशेला वाढतात त्याच दिशेला, एकाच जागी पुन्हा पुन्हा न फिरवता. नंतर झोंबणारं आफ्टरशेव्ह किंवा तुरटी नको, गार पाणी आणि मॉइश्चरायझर. आणि लगेच रंग लावायला बसू नये, त्वचेला थोडा वेळ शांत होऊ द्यावं. कायमचा उपाय हवा तर लेझर. पण लेझर केसातल्या काळ्या रंगावर चालतं, म्हणजे पांढऱ्या केसांचं त्याने काही होत नाही. त्यांना सुईने एकेक करत जाळायची इलेक्ट्रोलिसिसची पद्धत लागते. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला कुठलंही लेझर चालत नाही, एनडी-याग नावाचं त्यातल्या त्यात सुरक्षित, नाहीतर चटके बसून डाग पडतात. स्वस्तात करून देतो म्हणणाऱ्याला मशीन कुठलं ते आधी विचारावं. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने आठ-दहा वेळा किंवा त्याहूनही जास्त वेळा जावं लागतं, आणि त्या सगळ्या काळात मेण, चिमटा, दोरा बंद. मुळाशी केसच नसेल तर लेझर जाळणार काय? वस्तरा मात्र चालतो.

दुसऱ्या दिवशी रंगाची पाळी. माझी खुर्ची खिडकीशी होती, मी नुसती बघत होते. आणि मला एकदम आमच्या शाळेतला चित्रकलेचा तास आठवला. दाढी कितीही गुळगुळीत केली तरी कातडीखालच्या केसांच्या मुळांची एक निळसर-करडी झाक राहते. ती फाउंडेशनने झाकायला गेलं तर निळ्यावर पिवळट-गोरा रंग बसून चेहरा राखेसारखा दिसतो. म्हणून माणूस आणखी थर देतो, आणखी राखाडी दिसतो, आणखी थर देतो. पार्लरवाल्या बाईंनी काय केलं, तर एक नारिंगी रंगाची कांडी काढली. मी म्हटलं, अहो हे काय, शिमगा आहे का? त्या हसल्या. नारिंगी रंग निळ्याला मारतो. रंगचक्रात ते समोरासमोर असतात, हे आमचे चित्रकलेचे सर मुलांना तीस वर्षं शिकवत होते आणि मी शेजारच्या वर्गातून ऐकत होते! गोऱ्या त्वचेला फिका, पीचसारखा. गव्हाळ-सावळ्याला चांगला नारिंगी. फक्त वरच्या ओठावर, हनुवटीवर, जबड्यावर, जिथे झाक आहे तिथेच. बोटाच्या टोकाने थोपटायचा, घासायचा नाही. अगदी पातळ. मग वर फाउंडेशनचा पातळ थर, तोही थोपटून, आणि शेवटी सुटी पावडर दाबून. झाक गेली. खरंच गेली. चेहऱ्यावर आधीच्या निम्माही रंग नव्हता.

फाउंडेशनची छटा निवडायची ती जबड्यावर लावून, उजेडात, मानेशी जुळते का ते बघून. मनगटावर नाही. आणि पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा बघायचं, कारण काही छटा हवेने गडद होतात. तिची जुनी बाटली दोन छटा गोरी निघाली. "मान वेगळी, चेहरा वेगळा" याचं मूळ एवढंच होतं, दुकानदाराने 'बहिणीसाठी' दिलेली बाटली.

बाकीचं मग भराभर झालं. भुवया बारीक कोरायच्या नाहीत, खालचे चार-सहा केस काढून नीट करायच्या. लिपस्टिक दिवसा ओठांच्या रंगाच्या जवळची. काजळ आणि मस्कारा कुणाशीही वाटून घ्यायचा नाही, मैत्रीण कितीही जिवाची असो, डोळे येतात. मस्कारा उघडल्यावर तीनेक महिन्यांत टाकून द्यायचा. सुटं, कुठलंही नाव नसलेलं सिंदूर-सुरमा घ्यायचं नाही, त्यात शिसं सापडतं. टिकलीने कपाळाला खाज सुटली तर लगेच बंद, काही टिकल्यांच्या गोंदाने तिथला रंग जाऊन पांढरा डाग पडतो. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायकांना आहे. नवं काहीही आधी कानामागे किंवा कोपराच्या आत दोन-तीन दिवस लावून बघायचं. आणि कितीही उशीर झाला तरी झोपण्यापूर्वी सगळं उतरवायचं. हे शेवटचं मी तिला चार वेळा सांगितलं, तिने हूं हूं केलं. करेल की नाही देव जाणे.

असो. आता ज्यांना मनातून वाटतंय की हे सगळं आपल्या संस्कृतीत कुठून आलं, त्यांच्यासाठी थोडं जुनं. आमच्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, त्यातली सीता पुरुषच होती. किर्लोस्करांच्या मंडळीत भाऊराव कोल्हटकर स्त्रीभूमिका करत. आणि मग बालगंधर्व. १९११ च्या 'मानापमाना'तली भामिनी, १९१६ च्या 'स्वयंवरा'तली रुक्मिणी, १९१९ च्या 'एकच प्याला'तली सिंधू. त्यांचं लुगडं नेसणं, गजरा माळणं बघून घरोघरच्या बायका तसं करू लागल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. माझी आजीसुद्धा सांगायची. म्हणजे पुरुष म्हणून जन्मलेल्या माणसाकडून बायकांनी नटायला शिकावं यात महाराष्ट्राला काही वावगं वाटलं नव्हतं. उलट दिशेने एक-दोन गोष्टी शिकवायला मात्र आपला हात आखडतो.

पण हे उदाहरण मी माझ्या नातीला सांगितलं तेव्हा तिला ते फारसं आवडलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. ती म्हणाली, "मावशीआजी, ते रंग लावून दुसऱ्या कुणाचं सोंग घ्यायचे आणि प्रयोग संपला की उतरवायचे. मी मुलगा असल्याचं सोंग पंचवीस वर्षं करत होते, ते आता उतरवतेय." मला यावर उत्तर नव्हतं, नि द्यायचंही नव्हतं. दुसरा फरक माझ्या लक्षात आला तो असा की नाटकातला प्रेक्षक दूर बसतो, आणि मुद्दाम तिकीट काढून भुलायला आलेला असतो. एसटीत शेजारी बसलेली बाई वीतभर अंतरावर असते आणि ती भुलायला आलेली नसते.

माझ्या एका जुन्या सहकारी बाईंचा आक्षेप वेगळा आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या म्हणाल्या, "आपण आयुष्यभर मुलींना सांगितलं की नटण्यात बाईपण नसतं, डोकं वापरा. आता हिला बाई व्हायचं तर पावडर-लिपस्टिकच का लागते?" प्रश्न रास्त आहे. मीही वर्गात मुलींना तेच सांगत आले आणि अजूनही तेच सांगेन. पण मला एक गोष्ट दिसते. मी पावडर न लावता बसमध्ये चढले तर मला कुणी विचारत नाही, तू बाई कशावरून? महिलांच्या राखीव जागेवर बसताना, स्टँडवरच्या स्वच्छतागृहात जाताना मला कधी क्षणभरही थांबावं लागलेलं नाही. न नटण्याची चैन मला परवडली, कारण माझ्याकडे कुणी पुरावा मागत नव्हतं. तिच्याकडे रोज मागतात, आणि ज्या दिवशी पुरावा कमी पडतो त्या दिवशी टोमणे, कधी त्याहून वाईट. तिला हा रंग हौसेसाठीही हवा आहे, ते ती कबूल करते, आणि हौस करायला काय हरकत आहे? पण कामावर जाताना तो तिला छत्रीसारखा लागतो. उद्या तिने काही न लावता यायचं ठरवलं तर तशीही येऊ दे. ती तेव्हाही आमची नातच असेल. फक्त ते तिने ठरवावं, न जमल्यामुळे होऊ नये.

उलट बाजूचीही मुलं असतात, त्यांच्याबद्दल कुणी बोलतच नाही. मुलगी म्हणून वाढवलेला, पण जो मुलगा आहे, असा. डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉन सुरू केलं की अशांना वयाच्या पंचविशी-तिशीत चौदा वर्षांच्या पोरासारख्या पुटकुळ्या येतात, चेहरा तेलकट होतो. ते बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत जास्त असतं, पण तेवढ्यात फोडून फोडून डाग पडतात. त्यावर औषधं आहेत, मात्र ती त्वचेच्या डॉक्टरकडूनच घ्यावीत, मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने नकोत. आणि त्यांना पहिली दाढी करायला कोण शिकवणार? मुलाला बाप शिकवतो. इथे बाप बोलतच नसतो. कुणी मामा-काका वाचत असतील तर पाहा, दहा मिनिटांचं काम आहे.

तिसऱ्या दिवशी तिने सगळं स्वतः केलं. बाई नाहीत, मी नाही, फक्त खिडकी आणि माझा हातातला आरसा. पाऊण तास लागला. जबड्याच्या एका बाजूला नारिंगी जरा जास्त झालं होतं, ते मी पदराने पुसलं. मग आम्ही दोघी भाजी आणायला मंडईत गेलो. माझी नेहमीची भाजीवाली तिच्याकडे बघून म्हणाली, "नात वाटतं? तुमच्यावर गेलीय." नाक माझ्या बहिणीचं आहे खरं तर, पण मी हो म्हटलं. मेथी दहा रुपये कमी लावली.

ज्यांनी फोन केले त्यांच्यापैकी दोघींनी विचारलं आहे की दिवाळीत ती येईल तेव्हा ओवाळणीत काय द्यावं. साडी आहे तिच्याकडे. सनस्क्रीन द्या, चांगल्यापैकी, ते महाग असतं आणि फार लवकर संपतं. क्रीम 'गोरं करणारं' असेल तर देऊ नका. आणि फाउंडेशन द्यायचं मनात असेल तर बाटली आणू नका, तिला बरोबर घेऊन दुकानात जा आणि काउंटरवर मोठ्याने सांगा की हिच्यासाठी हवंय. नरकचतुर्दशीचं उटणं तिच्या अंगाला लावा, पण चेहऱ्याला चोळू नका. सकाळीच दाढी केलेली असते, झोंबतं.